पत्रावळीवरचा डोळा

तुमच्या संशोधनाची सुरुवात कुठे झाली, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा त्यांना एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेचे नाव हवे असते. कधी कधी मी तसे नाव सांगतोही, आणि मग दिवसभर माझे मन मला खाते. खरे उत्तर असे आहे, की ती सुरुवात अकोल्यात, एका लग्नाच्या मांडवात, पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर झाली आणि त्या पत्रावळीवर बसलेल्या माणसाला जेवणानंतर स्वतःच्या बळावर उठता आले नाही.

आज माझे काम म्हणजे यंत्राला चित्रात काय आहे ते ओळखायला शिकवणे, आणि माणसाने यंत्रापुढे कसे वागले म्हणजे दोघांचे जमेल, ते पाहणे. त्यातही माणसाचा हात हा माझा खास विषय. हात उघडा आहे की मिटलेला, बोलावतो आहे की थांबवतो आहे, हे यंत्राला कळावे म्हणून मी आयुष्याचा मोठा भाग घालवला. लोकांना वाटते हा विषय मी विचार करून निवडला असेल. मला तो वाढण्यात आला.

साठच्या दशकातली मधली वर्षे. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. मुलांना लंबक मोजायला शिकवायचे, त्यांनी तोडलेले पाहायचे आणि ते त्यांनी नाही तर मीच तोडले असावे अशी शंका घेत घरी जायचे, असा माझा दिनक्रम होता. कॉलेजच्या ग्रंथालयात एक परदेशी मासिक यायचे, तेही काही महिने शिळे. त्यात एकदा अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राचे चित्र पाहिले. यंत्र कपाटाएवढे होते आणि त्याला दोनच अक्षरे ओळखता येत होती. पण मी ते चित्र पाहून इतका हरखलो, की मासिक तसेच काखेत मारून विभागप्रमुखांच्या खोलीत गेलो.

विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, मूळचे पुण्याचे. वऱ्हाडात इतकी वर्षे काढूनही त्यांना आमच्या तिखटाची आणि आमच्या बोलण्याची धास्ती होती.

"सर, यंत्राला दिसू शकते," मी म्हणालो.

"काय दिसते?"

"अक्षर."

"आपल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून दिसत नाही. तुम्ही आधी काळे आणि पांढरे एवढे तरी दाखवा. आणि ते मासिक नोंद करून आणलेत का?"

मी नोंद केली नव्हती. धावत परत गेलो, नोंद केली, ग्रंथपालांची माफी मागितली आणि कामाला लागलो.

काळे-पांढरे ओळखणे तसे अवघड नव्हते. त्या वेळचे ट्रान्झिस्टर काचेच्या इवल्याशा नळीत असत आणि नळीवर काळा रंग दिलेला असे. तो रंग दाढीच्या ब्लेडने खरवडला, की आत उजेड शिरे आणि ट्रान्झिस्टरमधून वीज जास्त वाहू लागे. म्हणजे त्याला डोळा फुटे. माझ्या हातून पहिल्याच वेळी ब्लेड जोरात लागले आणि नळीच फुटली. त्या दिवशी मला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन सगळे सांगितले.

"अहो, ट्रान्झिस्टर गेलाय," सर म्हणाले. "त्याचे सुतक नसते. दुसरा घ्या."

दुसरा जगला. बिस्किटांच्या डब्याला भोक पाडून त्यात तो बसवला, शेजारी टॉर्चचा दिवा लावला आणि मागे एक विजेची घंटी जोडली. डब्यासमोर पांढरे असले की घंटी गप्प. पांढरे जाऊन काळोखे आले की घंटी वाजे. एवढेच त्याचे ज्ञान.

आता हा डोळा कशाकडे रोखायचा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर माझ्या एका जुन्या दुखण्यात सापडले. आमच्याकडे पंगतीत पाहुण्याने नको म्हणायचे असते आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचे नसते. पहिल्या नकोला जो यजमान थांबला तो चिक्कू ठरतो, आणि जो पाहुणा पहिल्या वाढीला हो म्हणाला तो हावरा. हे सगळ्यांना जन्मतःच समजते. मला मात्र समजत नसे. मी खरेच पोट भरल्यावर नको म्हणे, तरी वाढत. वाढलेले टाकणे मला पाप वाटे, कारण ते दिवस धान्याच्या टंचाईचे होते, आणि त्यात भात! आमच्या घरी रोजची भाकर ज्वारीची. भात सणाला आणि लग्नाला. म्हणून मी ते सगळे खाई आणि दोन दिवस आडवा पडे. माझ्या मनात आले, माणसाच्या तोंडावर कोणी विश्वास ठेवत नाही ना, मग यंत्राने थेट पान पाहावे. पळसाची पत्रावळ काळपट, भात पांढरा. भात संपला की पान काळे दिसेल आणि घंटी वाजेल. घंटी वाजेल तेव्हा वाढायचे, एरवी नाही. खोटा आग्रह नाही, नासाडी नाही.

सरांना कल्पना आवडली, पण प्रयोगासाठी रोज भात शिजवायचा माझा धीर होईना. म्हणून मी भाताऐवजी कापूस वापरला. आमच्या भागात त्याला काय तोटा! पत्रावळीवर कापसाचा ढीग रचायचा, हाताने एकेक घास उचलायचा, बाजूला ठेवायचा, घंटी वाजते का पाहायचे. वरण कालवल्यावर भात पिवळा होतो, हेही मी ध्यानात घेतले होते. कापसाला हळद लावून पाहिली, तरी यंत्र फसले नाही. मी फार काटेकोर होतो असे मला तेव्हा वाटे. एका संध्याकाळी खिडकीतून काही विद्यार्थ्यांनी मला पत्रावळीसमोर मांडी घालून बसलेला पाहिला, आणि पदार्थविज्ञानाचे सर हळद लावून कापूस खातात, ही बातमी कॉलेजभर झाली. एका मुलाच्या आईने मला घरून डबा पाठवला. मी तो परत करायला गेलो, तर तिने आणखी दोन भाकरी त्यात घातल्या.

त्याच सुमारास दूरच्या एका संस्थेतून मला होकार आला. तिथे नवा कॉम्प्युटर बसवला होता, खोलीएवढा, आणि मी पत्रातून कळवलेला डब्याचा प्रयोग वाचून त्यांनी मला दोन वर्षांसाठी बोलावले होते. असा होकार मला पुन्हा येणार नव्हता, हे मला पक्के ठाऊक होते. अडचण एकच. अकोल्याचे आमचे घर माझ्या पगारावर चाले. वडील निवृत्त झालेले, धाकटी भावंडे शाळेत. नोकरी सोडून जाणे शक्यच नव्हते. कॉलेजने पगारी रजा दिली तरच जाता येणार होते, आणि रजेच्या अर्जावर सही हवी होती आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षसाहेबांची.

अध्यक्षसाहेब म्हणजे मोठे शेतकरी गृहस्थ. अकोल्याजवळ काळी कसदार जमीन, पांढरे धोतर, आवाज शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जाईल असा. सर त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन आले.

"दोन वर्स पगार खाऊन हा मानूस बाहेर राहीन," अध्यक्षसाहेब म्हणाले, "अन् वापस यीन तवा मले काय दाखवीन?"

"साहेब, हे यंत्राला बघायला शिकवतात," सर म्हणाले.

"बघते का हे? मंग मी आलो तं उठून काहून नाई उभं राह्यलं?"

सर हसले. मीही हसून सोडायला हवे होते. पण चुकीची समजूत तशीच राहू देणे मला जमत नाही. मी म्हणालो, "साहेब, त्याले मानूस समजत नाई. भात समजते."

मी कापसाचा ढीग उचलला. घंटी वाजली. परत ठेवला. थांबली.

"अरे, पन हा तं कापूस हाय."

"हाव साहेब. पन त्याले भात वाटते."

"म्हंजे येडं हाय तुहं मशीन."

सर छताकडे पाहू लागले. अध्यक्षसाहेब मात्र डब्याकडे पाहत विचारात पडले. मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून बोलू लागले. थोरल्या मुलीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, आमच्याकडे म्हणतात त्या इवाईच्या, पानावरचा भात सरला आणि कोणाच्याच ध्यानात आले नाही. इवाई रिकाम्या पानापुढे बसून राहिले. अजून दर दिवाळीला ते ही गोष्ट बोलून दाखवतात. आता धाकटीचे लग्न होते, अकोल्यालाच. नवे इवाई अचलपूरचे, आणि ते जुन्यांपेक्षा कडक आहेत असे ऐकिवात होते.

"या खेपेला इवाईचं पान रिकामं राह्यलं नाई पायजे," अध्यक्षसाहेब म्हणाले. "तुहं मशीन घेऊन ये. चाललं तं मांडवातच सही करतो, पगारी रजेवर. नाई चाललं तं हाय इथीच तू अन् तुहा लंबक."

मी सरांकडे पाहिले. सर म्हणाले, "चालेल, साहेब. नक्की चालेल." आता त्यांचा शब्दही माझ्या डब्यात अडकला होता.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघे डबा, बॅटऱ्या, घंटी आणि तीन वेळू घेऊन एस.टी.ने अकोल्याला गेलो. कंडक्टरने वेळूंचे तिकीट मागितले नाही, त्याची मला बडनेऱ्यापर्यंत टोचणी लागली होती. शेवटी मी विचारले, तर तो म्हणाला, "बसा ना, मास्तर. वेळूले काय सीट दिली का मी?"

दुपारी पंगत बसली. अचलपूरचे इवाई पहिल्या रांगेत मधोमध, काळा कोट, टोपी, पल्लेदार मिशा. त्यांच्या पानावर मी तीन वेळूंची तिकाटी उभी केली आणि वरून डबा लोंबता ठेवला, डोळा खाली पत्रावळीकडे. घंटी खांबाला बांधली. बायका दरवाजातून डोकावून पाहत होत्या. कोणीतरी डब्याला हळदकुंकू लावून गेले होते. सुदैवाने डोळ्याला नाही.

वाढायला अध्यक्षसाहेबांचे साळे, म्हणजे बायकोचे भाऊ, होते. तालमीतला माणूस, हातात भाताची बादली फुलाच्या परडीसारखी वाटे. अध्यक्षसाहेबांनी त्यांना माझ्यासमोरच बजावले.

"हे पाह्य, घंटी वाजली का वाढाचं. नाई वाजली तं हात लावू नको."

"अन् इवाईबुवा नको म्हनले तं?"

"घंटीचं आयक. इवाईचं आयकू नको. इवाई तं नको म्हन्तेच."

हे ऐकताना मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. उलट शास्त्रावर असा विश्वास ठेवणारा माणूस अध्यक्ष आहे, याचे मला भरून आले.

सुरुवात अशी झाली, की सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इवाईंनी भात खाल्ला, पान काळे दिसू लागले आणि घंटी खणखणली. साळे बादली घेऊन हजर. मांडवात एकदम "वा!" झाले. इवाईंनी मिशीला हात लावला. पुन्हा भात संपला, पुन्हा घंटी, पुन्हा साळे. अध्यक्षसाहेबांनी दुरूनच खिशातले पेन बाहेर काढून मला दाखवले.

मग इवाईंचे पोट भरले.

पानावर अजून बराच भात होता. घंटी गप्प होती. साळे दुसऱ्या कोणाला तरी वाढायला समोरून निघाले होते. पण इवाईंना बादली दिसली आणि त्यांनी जे आपल्यातला प्रत्येक माणूस करतो ते केले. पुढे वाकून दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि म्हणाले, "बस, आता नको."

वरून डब्याने पाहिले. त्याला दिसल्या काळ्या कोटाच्या दोन बाह्या. पांढरे काही उरले नव्हते. घंटी वाजली.

चूक माझ्या तिथेच ध्यानात आली. इतके महिने मी कापूस उचलत होतो, हळद लावत होतो. पण त्या खोलीत मला आग्रह करणारे कोणी नव्हते, त्यामुळे मी एकदाही पानावर हात आडवा धरला नव्हता.

साळे वळले. "घंटी वाजली, इवाईबुवा."

"अहो, नको!" इवाईंनी हात आणखी दाबून धरले. घंटी चालूच राहिली.

"मशीन म्हन्ते पाह्यजे," असे म्हणून साळ्यांनी भाताचा मोठा डाव त्यांच्या बाह्यांवरच उलटा केला. बाह्या पांढऱ्या झाल्या. घंटी थांबली.

"पाह्यलं?" साळे म्हणाले. "समाधान झालं तिचं."

इवाईंनी हात अलगद बाहेर काढले आणि बाह्या पानावरच झटकल्या. टाकायचे नाही म्हणून निमूटपणे खाऊ लागले. मी खांबाकडे धावलो, घंटीची तार काढावी म्हणून. अध्यक्षसाहेबांनी मला वाटेतच दंडाला धरले. "हात नको लावू! काय झ्याक चालून राह्यलं!" तेवढ्यात साळे कोशिंबीर वाढणाऱ्याला वाट द्यायला बाजूला सरले, इवाईंना वाटले आपल्याकडेच येतात, आणि हात पुन्हा आडवे. घंटी. बादली. भात. शांतता.

असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. माझ्याने मोजवले नाही. शेजारी बसलेले वऱ्हाडी हसून हसून पानावर कलंडत होते. "दादा, मशीनबी नाई आयकत तुमचं!" कोणी म्हणे. "दादा, मान हाय तुमचा, घ्या!" आणि मी डोळ्यांदेखत पाहिले, की इवाईंच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरत गेला. पहिल्यांदा घाबरलेले, मग चिडलेले इवाई शेवटी तृप्तीने लाल झाले. पान कसेबसे संपवून ते मागे रेलले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाले,

"आग्रह म्हन्तेत याले! मानूस दोनदा म्हन्ते अन् थकते. हे थकलंच नाई. इतका मान माह्या बापाले भेटला नाई, इवाईबुवा!"

अध्यक्षसाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी माझ्या खिशातून अर्ज स्वतःच ओढून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचे टोपण दातांनी काढले.

आता मी गप्प बसायचे होते. एवढेच माझे काम होते. पेन कागदाला टेकायला आले होते. सरांनी शेजारून माझ्या पायावर आपला पाय ठेवून दाबला.

"सर, तुमचा पाय माझ्या पायावर आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला," सर दात आवळून म्हणाले.

पण माझ्याने गप्प बसवेना. इवाई ज्याला मान समजत होते तो मान नव्हता. ती माझी चूक होती, आणि त्या चुकीवर दोन वर्षांचा पगार घ्यायचा, हे मला गिळवेना. मी उभा राहिलो.

"साहेब, थांबा. इवाईबुवा, माफ करा. मशीननं तुमाले आग्रह केला नाई. तुमचा कोट काळा हाय. त्याले वाटलं पान रिकामं हाय. तुमी नको म्हनलं, का त्याले पाह्यजे असं दिसे."

 मला वाटले अजून नीट समजावे, म्हणून मी एक वाक्य वाढवले. "तुमच्या जागी इथी एखादी काळी घोंगडी ठेवली असती, तरी ते असंच वाजलं असतं."

सरांनी डोळे मिटून घेतले.

इवाईंनी मिशी सावरली. "म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "मी इथी घोंगडी म्हनून बसलो होतो."

त्यांनी पुतण्यांना हाक मारली. पुतण्यांनी त्यांना उचलले, आणि इवाई रुसून जानोशावर, म्हणजे वऱ्हाड उतरले होते त्या शेजारच्या शाळेत, निघून गेले. मुलीची पाठवणी व्हायची होती. इवाई आल्याशिवाय ती होणार नव्हती. अध्यक्षसाहेबांनी अर्ज चुरगाळून माझ्या हातात कोंबला.

"आता लंबकबी नाई भेटनार तुले," ते म्हणाले. "जाय. पाया पड त्यायच्या. आनून दाखव."

शाळेत इवाई एका वर्गात सतरंजीवर उताणे पडले होते. कोटाची बटणे सोडलेली. बाह्यांना अजून भात चिकटला होता. मी दाराशीच उभा राहून म्हणालो, "मी आलो."

"दिसते मले. मी तुहं मशीन नाई. बस."

मी बसलो. माफी मागितली. त्यांनी हात हलवून मला थांबवले. त्या हाताचा अर्थ मला लागला नाही, म्हणून मी पुन्हा माफी मागितली.

"चूप बस ना, बावा," ते म्हणाले. "मले एक सांग. तुह्या मशीनले माहा हात दिसत नाई का?"

"दिसते. पन हात हाय हे समजत नाई."

"पान समजते?"

"पानबी नाई. उजेड अन् अंधार, एवढंच."

"इतके दिवस तू त्याले काय शिकवलं मंग?"

"इतकंच."

इवाईंनी बाहीवरचे एक शीत उचलून पाहिले. मग म्हणाले, "अन् समजा, हात ओयखाले शिकवलं. तरी त्याले कसं समजीन, का मी नको म्हन्तो ते खरं का खोटं?"

"ते मले माईत नाई."

"मलेबी नाई," इवाई म्हणाले. "बादली जवळ आल्याशिवाय माहं मलेच समजत नाई. जवळ आली तं वाटते घ्या घासभर. दूर गेली तं वाटते, गेला कुठी हा?" ते कुशीवर वळू पाहत होते, जमले नाही. "लय कठीन काम हाती घेतलं तू. कोठी शिकवतेत हे?"

मी दूरच्या संस्थेचे सांगितले. खोलीएवढ्या कॉम्प्युटरचे सांगितले.

"मंग जात काहून नाई?"

"पगारी रजा पायजे. नाईतं घर चालत नाई."

"कोन देते रजा?"

"तुमचे इवाई."

इवाईंच्या मिशा हलल्या. हसत होते की ढेकर दाबत होते, हे सांगणे कठीण. त्यांनी पुतण्याला अध्यक्षसाहेबांकडे पिटाळले. अध्यक्षसाहेब आले ते हात जोडतच, मागे साळे आणि सर. रुसलेला इवाई काहीतरी मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. अध्यक्षसाहेबांनी वाटेत येताना रेडिओपर्यंत मनाची तयारी केली होती, असे सरांनी नंतर मला सांगितले.

"बोला, इवाईबुवा. काय पायजे तुमाले? आंगठी? रेडिओ?"

"या पोट्ट्याले शिकाले धाडा," इवाई म्हणाले. "अर्धवट शिकला म्हनून माही घोंगडी झाली. पुरा शिकून येऊ द्या. माह्या दुसऱ्या पोराचं लगन हाय पुढं, तवा मले असं मशीन नाई चालनार."

अध्यक्षसाहेबांनी माझ्याकडे असे पाहिले, की रेडिओ परवडला असता. "धाडतो," ते म्हणाले. "बिनपगारी."

"पगारी."

"अर्धा पगार, इवाईबुवा. संस्थेचा पैसा हाय."

"बरं," इवाई म्हणाले. "मंग मीबी अर्धाच उठतो." आणि त्यांनी खरोखर मान तेवढी उचलली आणि बाकीचे तसेच ठेवले.

बाहेरून बायकांचा निरोप आला, की मुलगी केव्हाची तयार होऊन बसली आहे आणि उन्हे उतरली. अध्यक्षसाहेबांनी माझ्या मुठीतून अर्ज काढला, भिंतीला लावून सपाट केला आणि सही केली. पगारी. दोन वर्षे. मग मला म्हणाले, "आता ये, धर इकून."

इवाईंना उठवायचे होते. उजव्या काखेत अध्यक्षसाहेब, डाव्या काखेत मी, पाठीमागून साळे, आणि सर "हळू, हळू" म्हणत पुढे. माझे दोन्ही हात गुंतले, शाई ओली होती, अर्ज खाली ठेवावा तर कोणाचा पाय पडेल ही भीती. म्हणून मी तो एका कोपऱ्यात दातांत धरला. पहिल्या झटक्याला इवाई हलले नाहीत. दुसऱ्याला आले, आणि एवढा जोर लागला की माझे दात कागदातून आरपार गेले.

पुढच्याच महिन्यात मी त्या दूरच्या संस्थेत पोहोचलो. कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला, दातांच्या भोकांतून खिडकीकडे बघितले आणि विचारले, "उंदीर?"

माझ्या मागे बरीच मोठी रांग होती. हो म्हणून मोकळे होता आले असते. पण मी ट्रंक खाली ठेवली, आणि त्याला पत्रावळीपासून सांगायला सुरुवात केली.